नंबर नसलेल्या मुलीला मायनसचा चष्मा: अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्यासाठी हा उपाय करावा का?

शेवंती

नमस्कार. माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. ती तीन वर्षांची झाल्यापासून तिचा डावा डोळा अधूनमधून बाहेरच्या बाजूला सरकतो. सकाळी ताजीतवानी असताना काहीही जाणवत नाही. दुपारी झोप अनावर झाली, अंगात ताप असला किंवा ती गच्चीवरून दूरच्या डोंगरांकडे एकटक पाहत बसली, की डोळा हळूच कानाकडे जातो आणि हाक मारताच पुन्हा जागेवर येतो. भर उन्हात बाहेर पडलो की ती एक डोळा घट्ट मिटून घेते. चकणे मूल नशीबवान असते असे सासूबाई म्हणत राहिल्या आणि आम्हीही वर्षभर ते ऐकून घेतले, हे कबूल करते. नणंदेच्या लग्नातली छायाचित्रे हाती आली तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले, कारण संध्याकाळनंतरच्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात तिचा डावा डोळा भलतीकडेच पाहत होता.

गेल्या महिन्यात तिला नाशिकमधल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे नेले. थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांचा नंबर प्लस ०.५० निघाला. या वयात एवढा प्लस असणे अगदी स्वाभाविक आहे, त्याला चष्मा लागत नाही, असे त्यांनीच सांगितले आणि तरीही चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांना मायनस २.०० लिहून दिले. चष्म्याच्या दुकानातल्या गृहस्थांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि चिन्ह चुकले आहे का, असे दवाखान्यात फोन करून विचारले. चिन्ह बरोबर होते. पण माझ्या यजमानांना स्वतःला लहानपणापासून मायनस ५ चा नंबर आहे, त्यामुळे त्या फोननंतर त्यांनी चष्मा करायलाच नकार दिला. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले की सध्या काहीच करू नका, सहा महिन्यांनी परत दाखवा.

नंबर नसलेल्या मुलाला मायनसचा चष्मा देण्यामागे नेमके कोणते शास्त्र आहे आणि त्याने तिला खरोखरच मायनस नंबर लागण्याची शक्यता आहे का, एवढे दोन प्रश्न मला पडले आहेत. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहावे.


लोलक

शेवंतीताई, मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, आहे. मुलीला न तपासता तिच्यासाठी काय योग्य ते मी सांगणार नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

आपण जवळची वस्तू पाहतो तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: डोळ्यातले भिंग फुगते, दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि बाहुल्या लहान होतात. या तिन्ही क्रिया मेंदूत एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे भिंगाला फुगायला लावले की डोळेही थोडे आत वळतातच. मायनसचे भिंग समोर धरले की दूरची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्याला स्वतःचे भिंग फुगवावे लागते आणि त्या ओघात बाहेर सरकू पाहणारा डोळा आत ओढला जातो. तुमच्या मुलीला तिच्या मूळ नंबरापेक्षा २.५० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचे एकक) अधिक मायनस दिलेला आहे. प्लस ०.५० मधून २.५० वजा केले की मायनस २.०० उरतात, म्हणजे चिठ्ठीत चूक नव्हती. आमच्या व्यवसायात याला ओव्हरमायनस म्हणतात. त्या चष्म्यातून समोरचा डोंगर पाहतानाही तिचा डोळा ४० सेंटिमीटरवरचे पुस्तक पाहत असल्याइतके काम करत राहील.

आता तुम्हाला वाटेल की एवढा चुकीचा नंबर घालून तिला दिसणार कसे. पाच वर्षांच्या मुलाच्या भिंगाची फुगण्याची ताकद दहा डायॉप्टरहून पुष्कळ जास्त असते, त्यामुळे अडीच डायॉप्टर ते सहज पेलते आणि स्पष्टही पाहते. तोच चष्मा माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या माणसाने घातला तर दहा मिनिटांत डोके धरून बसावे लागेल.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. भिंग फुगल्यावर डोळे किती आत वळतील याचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते. एखाद्या मुलाचा डोळा या चष्म्याने पूर्ण ताब्यात येतो, तर एखाद्याला जेमतेम फरक पडतो. डॉक्टर पुष्कळदा तपासणीच्या खोलीतच मायनसची भिंगे समोर धरून डोळा कसा वागतो ते पाहतात. तुमच्याकडे तसे पाहिले होते का?


शेवंती

हो, पाहिले होते. समोरच्या भिंतीवरचे चित्र पाहायला सांगून त्यांनी चाचणीची फ्रेम घातली आणि दोन-तीन वेळा डोळा झाकून उघडला. त्या वेळी ते कशासाठी आहे ते मला समजले नव्हते. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.


पैलतीर

मी टोरांटोजवळ राहतो. माझ्या मुलाला हाच त्रास आहे आणि तो सहा वर्षांचा असताना आमच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता, म्हणून तेव्हा जे वाचले ते इथे मांडतो.

या चष्म्याची सर्वांत नीट पारख झाली ती अमेरिका आणि कॅनडामधल्या डोळ्यांच्या दवाखान्यांनी मिळून केलेल्या एका चाचणीत. मुलांच्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या पेडिग नावाच्या गटाने ती केली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते दहा वर्षे वयाची ३८६ मुले तिच्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला मूळ नंबरापेक्षा २.५० डायॉप्टर अधिक मायनसचा चष्मा दिला आणि दुसऱ्या गटाला मूळ नंबराचाच, म्हणजे नंबर नसेल तर साध्या काचेचा. अशा रीतीने चष्मा दोन्हीकडे होता. बारा महिन्यांनंतर जादा मायनस निम्म्यावर, १.२५ वर आणला, त्यानंतर तीन महिन्यांनी तो पूर्ण काढला आणि आणखी तीन महिन्यांनी, म्हणजे अठराव्या महिन्यात, पुन्हा सगळ्यांची तपासणी केली.

डोळ्यावरचा ताबा शून्य ते पाच या मोजपट्टीवर मोजतात. शून्य सर्वांत चांगला आणि पाच म्हणजे डोळा सतत बाहेरच. चष्मा लावलेला असताना, बाराव्या महिन्यात, दूर पाहतानाचा सरासरी गुण मायनसवाल्या गटात १.८ आणि दुसऱ्या गटात २.८ होता. हा फरक चांगलाच म्हणावा लागेल. परंतु जादा मायनस काढून घेतल्यावर अठराव्या महिन्यात तेच आकडे २.४ आणि २.७ झाले, म्हणजे फरक जवळजवळ पुसला गेला.

तुमच्या यजमानांची भीतीही निराधार नाही. पहिल्या वर्षात एक डायॉप्टरपेक्षा जास्त मायनसकडे सरकलेली मुले मायनसवाल्या गटात १७ टक्के होती, तर दुसऱ्या गटात फक्त १ टक्का. पुढे २०२४ मध्ये याच मुलांच्या नंबरांचा अधिक काळाचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की नंबर वाढण्याचा धोका मुख्यतः सुरुवातीलाच मायनस नंबर असलेल्या मुलांना होता. माझ्या मुलाचा मूळ नंबर मायनस १ होता, त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी हा मार्ग आमच्यासाठी बाजूला ठेवला. तुमची मुलगी प्लसमध्ये आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. वडिलांचा मायनस ५ ही विरुद्ध बाजूची.


हिरवा_चाफा

मला एक गोष्ट कळत नाही. चष्मा काढल्यावर सगळे पहिल्यासारखेच होणार असेल, तर वर्षभर लहान मुलीच्या नाकावर तो कशासाठी ठेवायचा? माझ्या भाचीला अशाच एका उपायावर दीड वर्ष फिरवले आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. मग ती आधीच का करू नये?


नेत्रांजन

मी नेत्रतज्ज्ञ असून लहान मुलांचे तिरळेपण हाच माझ्या कामाचा मुख्य भाग आहे. हिरवा_चाफा यांचा प्रश्न पालक रोज विचारतात आणि तो रास्त आहे, म्हणून त्याला जरा सावकाश उत्तर देतो.

शस्त्रक्रियेने हा प्रश्न कायमचा मिटतो ही समजूत आधी दुरुस्त करायला हवी. याच पेडिग गटाने १९७ मुलांवर दोन प्रकारच्या शस्त्रक्रियांची तुलना केली. एका प्रकारात दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू सैल करतात, दुसऱ्यात एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू सैल करून आतला घट्ट करतात. तीन वर्षांनी पाहिले तर पहिल्या प्रकारात ४६ टक्के आणि दुसऱ्यात ३७ टक्के मुलांचा निकाल असमाधानकारक ठरला होता, आणि या दोन आकड्यांतला फरकही निर्णायक नव्हता. डोळा काही काळाने पुन्हा बाहेर जाऊ लागणे हे या विकारात इतके नेहमीचे आहे की मी शस्त्रक्रियेच्या आधीच पालकांना ते कागदावर लिहून देतो.

दुसरी अडचण वयाची आहे. बाहेर जाणारा डोळा आत आणताना तो किंचित जास्त आत येण्याची शक्यता असते, पुष्कळदा शल्यविशारद पहिल्या काही दिवसांसाठी मुद्दामच तसे करतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यामुळे काही दिवस दोन-दोन दिसते आणि मग बहुतेक वेळा ते जुळून येते. तीन-चार वर्षांच्या मुलाचा मेंदू मात्र दुसरे चित्र सरळ दडपून टाकायला शिकतो. डोळा आतच राहिला तर एक डोळा आळशी होण्याचा, म्हणजे त्याची नजर कमकुवत राहण्याचा, आणि आधी शाबूत असलेले खोलीचे भान, म्हणजे कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब हे दोन्ही डोळ्यांनी मिळून ओळखण्याची क्षमता, गमावण्याचा धोका असतो. म्हणून या वयात चष्म्याने वर्ष-दीड वर्ष निघून गेले, मूल तपासणीला नीट सहकार्य देण्याइतके मोठे झाले आणि दरम्यान दोन्ही डोळे दिवसाचा बराच वेळ एकत्र काम करत राहिले, तर ते मला वाया गेलेले वर्ष वाटत नाही. तुमच्या भाचीच्या बाबतीतही, शस्त्रक्रिया दीड वर्ष उशिरा झाली म्हणून तोटा झाला की फायदा, हे तिचे जुने कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता तिसरी गोष्ट, जी शेवंतीताईंच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यामागे असावी. काहीच न करणे हाही या विकारात एक प्रतिष्ठित उपाय आहे. उपचार न केलेल्या तीन ते दहा वर्षांच्या १८३ मुलांवर तीन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्या काळात स्थिती बिघडल्याची नोंद सुमारे १५ टक्क्यांमध्येच झाली. रोज तीन तास एका डोळ्यावर पट्टी लावण्याच्या चाचणीतही तसेच दिसले होते: सहा महिन्यांत पट्टी न लावणाऱ्यांपैकी ६ टक्के मुले बिघडली आणि लावणाऱ्यांपैकी १ टक्क्याहून कमी. पट्टीचा थोडा फायदा झाला खरा, पण न लावणाऱ्यांचेही फारसे बिघडत नव्हते. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले याचा अर्थ त्यांतला एक चुकला असा होत नाही.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. दूर पाहताना ताबा चांगला असेल आणि खोलीचे भान वयानुसार असेल तर मी थांबतो. दिवसातला निम्मा वेळ डोळा बाहेर राहू लागला आणि मूल प्लसमध्ये किंवा शून्याच्या आसपास असेल, तर चष्म्याचा विचार करतो. आईवडिलांपैकी कोणाला मोठा मायनस असेल तर चष्म्याआधी डोळ्याच्या गोळ्याची लांबी मोजून ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी थेंब घालून नंबर पाहतो. थेंब न घालता घेतलेला नंबर या मुलांत विश्वासार्ह नसतो, कारण भिंग फुगलेल्या अवस्थेतच मोजणी होते आणि नसलेला मायनस दिसतो.


काजळ

मी या विषयातली तज्ज्ञ नाही, पण तो डोळा माझाच होता, म्हणून लिहिते.

माझे लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका गावात गेले. माझा डोळा बाहेर जातो हे मला स्वतःला कधीच कळत नसे. दोन-दोन दिसत नाही, दुखत नाही, अंधारीही येत नाही. मला ते समजत असे समोरच्या माणसावरून. मी बोलत असताना तो मागे वळून पाहायचा, जणू मी त्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच कोणाशी बोलते आहे. शाळेत जे नाव पडले ते इथे लिहीत नाही. घरात आई दिवसातून वीस वेळा “डोळा सरळ कर” म्हणायची. तिच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या वाक्याने मी माणसांच्या चेहऱ्याकडे पाहणेच सोडून दिले आणि खाली पाहून बोलायची जी सवय लागली ती अजून पूर्ण गेलेली नाही. एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, पुढची सात-आठ वर्षे उत्तम गेली आणि आता रात्री उशिरा दमल्यावर डोळा पुन्हा थोडासा जातो, पण ते नवऱ्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवंतीताई, चष्म्याचे काय ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. मुलीला सतत टोकू नका, एवढेच मला सांगायचे होते.


शेवंती

काजळताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. टोकणारी मी होते, त्या नव्हे.


चिपळूणकर_आजोबा

आमच्या नातवासाठी एकाने पेन्सिलचा व्यायाम सुचवला होता. पेन्सिल हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणायची आणि दोन दिसू लागेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. त्याला खर्च शून्य. मग आधी तोच करून पाहायला काय हरकत आहे?


लोलक

आजोबा, हरकत नाही, पण तो व्यायाम वेगळ्या तक्रारीसाठी आहे. जवळचे वाचताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत, अक्षरे हलतात, कपाळ दुखते, अशा थोड्या मोठ्या मुलांसाठी तो सांगतात. त्यांच्यावर जी मोठी चाचणी झाली ती नऊ ते सतरा वर्षांच्या २२१ मुलांवर होती, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि तिच्यातही घरी केलेला पेन्सिलचा व्यायाम खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. दवाखान्यात दर आठवड्याला करून घेतलेले व्यायाम मात्र उपयोगी पडले. शेवंतीताईंच्या मुलीचा डोळा दूर पाहताना जातो आणि ती पाच वर्षांचीही नाही. एवढ्या लहान मुलाला दोन दिसू लागले की सांग, असे म्हटले तर ते आपल्याला खूश करण्यासाठी काहीही सांगते.

वर पैलतीर यांनी उल्लेख केलेल्या मोजपट्टीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पालकांच्या हाती असलेली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. तपासणारा आधी काहीही न झाकता अर्धा मिनिट मुलाकडे नुसता पाहतो. त्या अर्ध्या मिनिटात डोळा सतत बाहेर असेल तर पाच गुण, निम्म्याहून जास्त वेळ असेल तर चार, निम्म्याहून कमी वेळ असेल तर तीन. आपणहून गेलाच नाही, तर एक डोळा दहा सेकंद झाकून उघडतो आणि तो जागेवर यायला किती वेळ लागतो ते पाहतो. पाच सेकंदांहून जास्त लागले तर दोन, एक ते पाच सेकंद लागले तर एक आणि झाकण काढताक्षणीच आला तर शून्य.

यातली गोम अशी की तेच मूल सकाळी दहा वाजता एक गुणाचे आणि दुपारी चार वाजता चार गुणांचे असू शकते. दवाखान्यात मूल सावध असते, डॉक्टरांना घाबरलेले असते, त्यामुळे डोळा शिस्तीत वागतो आणि घरी आल्यावर रिक्षातच सरकतो. एका तपासणीवरून “सुधारले” किंवा “बिघडले” ठरवणे त्यामुळे धोक्याचे आहे. म्हणून एकाच भेटीत तीनदा मोजून सरासरी काढतात. घरी तुम्ही एक साधी वही ठेवा. रोज ठरावीक तीन वेळा, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर, संध्याकाळी खेळताना आणि झोपण्याआधी, मुलीला न सांगता दोन मिनिटे लक्ष द्या आणि डोळा गेला की नाही, आपणहून परतला की पापणी मिटावी लागली, एवढेच लिहा. जवळ पाहताना, म्हणजे ताटात किंवा चित्राच्या वहीत पाहतानाही जाऊ लागला, तर ती नोंद तांबड्या शाईने करा. ती महत्त्वाची आहे.


शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सहा महिने थांबून वही लिहायचे ठरवले आहे. डोळ्याच्या गोळ्याची लांबीही मोजून ठेवली. पुढे काय होते ते इथेच लिहीन.


शेवंती

सात महिन्यांनी परत आले आहे.

पहिले चार महिने वहीत फारसे काही नव्हते. सुरुवातीला दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेला दूरचा गुण दोन होता आणि आमच्या नोंदीही त्याच्याशी जुळत होत्या. पावसाळ्यात तिला लागोपाठ दोनदा ताप आला आणि त्यानंतर डोळा जो सैल पडला तो ताप उतरल्यावरही सावरला नाही. दिवाळीच्या सुमारास स्वयंपाकघरात माझ्याशी बोलतानाही जाऊ लागला आणि वहीत तांबडी शाई दिसू लागली. तपासणीत तीन वेळा मोजून सरासरी चारच्या जवळ आली. खोलीचे भान पाहण्यासाठी एक खास चष्मा घालून चित्रातली उठून दिसणारी माशी चिमटीत पकडायला सांगतात, ती चाचणी तिने बरोबर दिली, पण त्यापुढची बारीक वर्तुळे तिला आधी ओळखता येत होती, ती आता येईनात. तेव्हा थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांनीच चष्मा सुरू करावा असे म्हटले. यजमानांनी या वेळी हो म्हटले, कारण वही त्यांनीच लिहिली होती.

थेंब घालून नंबर पुन्हा प्लस ०.५० निघाला आणि त्याच मायनस २.०० चा चष्मा केला. पॉलिकार्बोनेटची भिंगे आणि कानामागे पट्टा असलेली मऊ फ्रेम घेतली. दुकानदाराने या वेळी फोन केला नाही, त्याला आधीचा किस्सा आठवत होता. पहिले चार-पाच दिवस ती जमीन लांब गेल्यासारखी वाटते म्हणून जिन्यावर बिचकत होती आणि संध्याकाळी कपाळ दुखते म्हणाली. त्यानंतर सकाळी उठल्यावर स्वतःच चष्मा मागू लागली. शाळेत बाईंना चिठ्ठी दिली की हा चष्मा अक्षरे दिसावीत म्हणून नाही, त्यामुळे फळा वाचता येतो म्हणून तो काढून ठेवू देऊ नये. ती चिठ्ठी फार कामी आली, कारण बाईंनी पहिल्याच दिवशी नेमके तेच केले होते.

आज दोन महिने झाले. चष्मा लावलेला असताना डोळा दिवसभरात एखाद्या वेळी जातो, तोही जेवणानंतर पेंगताना. अंघोळीच्या वेळी चष्मा काढला की पाच मिनिटांत पूर्वीसारखाच बाहेर. पैलतीरदादांनी दिलेले आकडे वाचले नसते तर हे पाहून मी हताश झाले असते.


पैलतीर

हे वाचून बरे वाटले. माझा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. आम्ही काही महिने पट्टी लावून पाहिली, ती त्याने भांडून-भांडून सहन केली आणि सध्या निव्वळ लक्ष ठेवून आहोत. गेल्या वर्षभरात त्याचा गुण तीनच्या आसपास स्थिर आहे. एक विचारायचे होते: मुलीचा चष्मा पुढे कसा कमी करायचा, याबद्दल डॉक्टर काही म्हणाले का?


शेवंती

मेमध्ये थेंब घालून नंबर आणि लांबी पुन्हा मोजायची आहे. मूळ नंबर अर्ध्या डायॉप्टरहून जास्त मायनसकडे सरकलेला दिसला तर जादा मायनस लगेच कमी करायचा, नाही तर वर्षभर हाच ठेवून मग टप्प्याटप्प्याने उतरवायचा, असे ठरले आहे. उतरवताना डोळा पुन्हा सुटला तर शस्त्रक्रियेचे बोलू, तोवर ती साडेसहा-सात वर्षांची झालेली असेल.


नेत्रांजन

योजना व्यवस्थित आहे. उतरवण्याची वेळ शाळेच्या परीक्षा किंवा आजारपणाच्या आसपास आणू नका, कारण त्या काळात बिघडलेला डोळा चष्म्यामुळे बिघडला की थकव्यामुळे, ते कळत नाही. आणि ती वही बंद करू नका, चष्मा असतानाच्या आणि नसतानाच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.


नवी_आई

धागा पूर्ण वाचला. माझे बाळ दोन महिन्यांचे आहे आणि त्याचेही डोळे कधीकधी इकडे-तिकडे जातात. मीही त्याला आत्ताच दाखवावे का?


नेत्रांजन

तीन-चार महिन्यांपर्यंत तान्ह्या बाळाचे डोळे मधूनच भरकटणे स्वाभाविक असते, त्यानंतरही ते दिसले तर दाखवा. मात्र एखादा डोळा कायमच एका बाजूला असेल किंवा फ्लॅशच्या छायाचित्रात एका बाहुलीत लाल झाकेऐवजी पांढरी चमक दिसत असेल, तर वय कितीही असो, याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून आतला पडदा तपासून घ्या. पडद्यावरच्या गाठीसारखा गंभीर आजार कधीकधी तिरळेपणाच्या रूपानेच पहिल्यांदा दिसतो.


नवी_आई

धन्यवाद डॉक्टर. आताच सगळी छायाचित्रे पाहिली, दोन्ही बाहुल्या लाल आहेत. चार महिने पूर्ण झाल्यावरही डोळे भरकटताना दिसले तर दाखवते.